वावरातल्या मुक्कामाचा आदेश

घटस्फोट झाला तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. वाशिमच्या कोर्टानं तिचा ताबा मला दिला आणि एकाआड एक शनिवारी तिनं वडिलांकडे मुक्कामाला जावं, असं ठरवून दिलं. मला ते पटलं होतं. माणूस वाईट नव्हता. आमचं जमलं नाही, एवढंच. मी कारंजाला माहेरी येऊन भावाच्या मळ्यात भाजीपाला करू लागले. पोरीचा बाप आसेगावकडे, वावरातल्या घरात राहायचा.

एका रविवारी पोरगी परत आली ती गप्प गप्प. मी वांगी तोडत होते, ती नुसती मागंमागं फिरत होती. मग म्हणाली, "आई, बाबाची वगार मेली. तारेले चिकटली."

म्हशीची ती लहान वगार कशी मेली, हे जवळ बसवून विचारलं तेव्हा उलगडा झाला. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, हरभऱ्यात शिरतात म्हणून त्यानं वावराभोवती तार ओढली होती, आणि संध्याकाळ झाली की तिच्यात खांबावरचा करंट सोडत होता. तार घराच्या मागून, न्हाणीला लागूनच गेली होती.

मी फोन केला. पोरीला सांगून ठेवलंय, ती तिकडं जात नाही, असं तो म्हणाला. वगारीलाही सांगून ठेवलं होतं का, असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि त्यानं फोन ठेवला.

मुक्कामाच्या पुढच्या शनिवारी मी तिला पाठवलंच नाही. माझ्या वकीलबाई रागावल्या. आदेश मोडला तर आपलीच बाजू लंगडी पडते, त्यापेक्षा बदलून मागू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्जात भेटी बंद कराव्यात असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. मला भेट बंद नको होती, तिथला मुक्काम बंद हवा होता.

तारखेला त्याच्या वकिलानं तारेची गोष्ट बनावट ठरवली. बाईला पोरगी बापापासून तोडायची आहे, असं सांगितलं. जजसाहेबांनी पोरीला आत बोलावून तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. मग त्याला समोर उभं करून विचारलं, "अंधार पडल्यावर मुलगी एकटी घरामागे गेली तर चालेल तुम्हाला?"

त्याचा वकील त्याच्याकडे बघत राहिला. तो मात्र खाली बघत होता.

"नाही चालत साहेब," तो म्हणाला. "मीच रोज भेऊन राह्यलो. पन रोही पीक ठेवत नाही, काय करू?"

मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की पोरीचा बाप खरं बोलला.

आदेश बदलला. करंट काढल्याची खात्री होईपर्यंत मुक्काम नाही; रविवारी दिवसभर भेट, मंगरूळपीरला त्याच्या बहिणीकडे. बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ आला.

"तू भेटीच बंद करतं, असं वाटलं मले."

"कायले करू? तिले बाप पाहिजे," मी म्हणाले.

करंट त्यानं त्याच हंगामात काढला. आता बॅटरीचं झटका मशीन आहे. रोही दचकून पळते, मरत नाही. तरी रविवारची घडी सगळ्यांनाच मानवली, म्हणून तशीच चालू आहे. आत्या लाड करते, बाप मैदानावर सायकल शिकवतो.

मागच्या रविवारी तो तिला सोडायला आला तेव्हा दारातच घुटमळला. पोरीचे दोन्ही गुडघे खरचटले होते. मी हळद आणायला आत गेले, आणि जाता जाता त्याला म्हटलं, "बस, चहा ठेवते."