तार कधी लावायची

मुलांच्या दातांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दुधाचा पहिला दात पडला की ते आपोआप साठायला लागतात. माझ्याकडे माझ्या लेकीचे, सईचे आहेत. सई आठ वर्षांची. समोरचे दोन पक्के दात एकमेकांवर चढलेले, आणि हल्ली हसताना तोंडावर हात. तार आत्ता लावायची की थांबायचं, या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. उशीर झाला तर? घाई झाली तर? मी कूस बदलली की प्रश्नही कूस बदलायचा.

*

पहिला सल्ला मोबाईलचा. एका व्हिडिओतले डॉक्टर म्हणाले, सातव्या वर्षीच दाखवा. म्हणजे मी लेट. दुसरे म्हणाले, पक्के दात येऊ द्या. म्हणजे मी उगाच घाबरट. दोन्ही व्हिडिओ मी पुन्हापुन्हा लावायचे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं, तेवढंच.

*

सासूबाई गावी, वैशाखऱ्याला असतात. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "पडलेला दात कौलावर टाकलास ना गो?"

शहापूरला आमचा फ्लॅट, वर स्लॅब. मी तो गॅलरीतून पार्किंगच्या पत्र्यावर टाकला होता. टण्णकन वाजला, वॉचमन बाहेर येऊन वर बघत राहिला.

"पत्र्यावर?" सासूबाईंनी विचारलं. "उंदीर कौलात ऱ्हातो. पत्र्यावर कोन येनार दात बदलून द्यायला?"

मी एम.एस्सी. झालेली. तरी त्यानंतर पडलेला दात डबीत जपून ठेवलाय, गावच्या कौलासाठी.

*

शाळेच्या गेटवर आटगावची एक आई भेटते. तिच्या मोठ्या मुलीला तार आहे.

"वर्गात तिला कुंपण म्हणतात," ती म्हणाली.

"मग तिला वाईट नाही वाटत?"

"नाय ओ. ती म्हणते, मग आत यायचं नाय."

अजून बरंच विचारायचं होतं, पण तिची रिक्षा भरली. संध्याकाळी भांडी घासताना ते आठवून मी एकटीच हसले. खूप दिवसांनी.

*

नवरा नाशिकला नोकरीला, पंधरवड्याने घरी येतो. म्हणाला, "तू बघ ना. तुला जास्त कळतं."

हा विश्वास की सुटका, हे विचारायच्या आत नेटवर्क गेलं. मग मेसेज आला. नुसता दाताचा इमोजी. तो मात्र सरळ होता.

*

शेवटी सईला मुरबाडला नेलं. दात सरळ करणारे डॉक्टर तिथे शनिवारी कल्याणहून येतात. त्यांनी नीट तपासलं.

"जबडा छान वाढतोय. आत्ता तार नको. सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहा, अकरा-बारा वर्षांची झाली की ठरवू."

"उशीर नाही ना झाला?" मी परत विचारलं. आणि परत.

"नाही हो ताई." माझं ऐकून सई तोंडावर हात धरून हसली, तसे ते तिच्याकडे वळले. "काय गं, दातांचं काही बिघडलेलं नाही. मग हसताना तोंडावर हात कशाला?"

सई खुर्चीतून खाली उतरली.

"आई पण तसंच हसते," ती म्हणाली. "किचनमध्ये एकटी असते ना, तरी."