कापसाच्या गंजीवर बर्फवाले सर

बर्फवाल्या सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कापसाच्या गंजीवरून पालथे घसरत होते आणि घसरता घसरता शिकवत होते. बडनेरा रोडवरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरेशुभ्र डोंगर लागले होते. त्यातल्या सगळ्यात उंच डोंगरावरून हा पन्नाशीचा माणूस काळा गॉगल लावून, नाकावर पांढरं मलम थापून खाली येत होता आणि ओरडत होता, "छातीखाली कुऱ्हाड दाबा, पाय फाका, अन् देवाले मंग आठवा." खाली आल्यावर कपड्यांवरचा कापूस न झटकताच त्यांनी मला विचारलं, "तुमी कोन? वजन किती? कोनी पाठवलं?" मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. अकोल्याची नोकरी आणि अमरावतीचं घर यांत माझं सगळं चालणं रेल्वेच करत होती. म्हणून मी रविवारच्या त्या वर्गात नाव घातलं.

अमरावतीत हिमनदीवर चालायचं शिक्षण मिळतं हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पत्ता विचारतात. सर मूळचे तिवस्याचे. तरुणपणी गिर्यारोहणाच्या कोर्सला उत्तरेत गेले ते तिकडेच गाइड म्हणून राहिले. लोकांना बर्फावर नेणं आणि परत आणणं हा त्यांचा धंदा. त्यात पायाची दोन बोटं थंडीनं गेली. वडिलांना लकवा झाला म्हणून ते परत आले आणि बसून काय करायचं म्हणून वर्ग काढला. पंचेचाळीस अंशांच्या गावात बर्फाचा वर्ग काढणं हा त्यांना जराही विनोद वाटत नव्हता. "पोहनं कोरड्यातच शिकवते का कोनी?" असं एकानं डिवचलं तेव्हा ते म्हणाले, "बुडायच्या आधी हात कसे मारायचे हे काठावरच सांगा लागते."

बर्फ नव्हता म्हणून त्यांचं काही अडलंही नाही. हिवाळ्यात कापसाची गंजी म्हणजे बर्फाचा उतार. मात्र कापसात लोखंडाचा तुकडा राहिला तर यंत्रात ठिणगी पडते, म्हणून घसरताना बर्फात रोवून थांबायच्या लोखंडी कुऱ्हाडीला जिनिंगवाल्यांनी सक्त मनाई केली होती. सरांनी सुताराकडून लाकडी कुऱ्हाडी करून घेतल्या. उन्हाळा लागला की आमची हिमनदी भातकुलीकडच्या काळ्या रानात सरकायची. तिथे एप्रिलमध्ये जमिनीला पोटरी जाईल एवढ्या भेगा पडतात. डोक्याला दुपट्टे, पायांत लोकरीचे मोजे, कमरेला दोर बांधून आम्ही काठीनं पुढची जमीन टोचत रांगेनं चालायचो. बांधावर उभ्या असलेल्या एका काकांनी बराच वेळ पाहून विचारलं, "काय हरपलं बाप्पा तुमचं?" सर गंभीरपणे म्हणाले, "काई नाई काका, हरपू नये म्हनून पाहून राहिलो."

हे सगळं ज्यांच्या कृपेनं चालायचं ते भाऊ. भाऊ म्हणजे जिनिंगचे मालक. आवार त्यांचं, कापूस त्यांचा आणि भेगेत पडलेल्या माणसाला वर ओढायचा सराव आम्ही जिच्यात करायचो ती कोरडी विहीरही त्यांचीच. महापालिकेच्या निवडणुकीवर त्यांचा डोळा होता. ते कधी गंजीवर चढले नाहीत, पण गंजीपाशी उभे राहून फोटो मात्र पुष्कळ काढले. हिमाचलातल्या एका लहानशा शिखरावर आमची बॅच नेण्याचं ठरलं तेव्हा भाऊंनी खर्चाला हातभार लावला आणि एकच अट घातली. त्यांचा चेहरा छापलेला झेंडा माथ्यावर फडकला पाहिजे आणि त्याचा फोटो आला पाहिजे. फोटो आला तर वर्गाला पक्की शेड. नाही आला तर त्यांना आवारात इतर पुष्कळ कामं होती. हे ते अगदी हसत म्हणाले. सरांनी झेंडा घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाले, "पाहू."

सरांचं "पाहू" काय असतं ते आम्हाला चिखलदऱ्याला कळलं होतं. मुंबई-पुण्याचे गाइड वर चढायचा सराव देतात. आमचे सर मागे फिरायचा देत. तासन् तास चढवून, घामाघूम करून, माथा अगदी पुढ्यात आला की म्हणायचे, "फिरा." एकदा तर माथ्यावरच्या टपरीतल्या कांदाभज्यांचा वास येत होता. दोघंतिघं वास घेत तिथेच बसून राहिले, उठेनात. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "वर जानं कोनालेई जमते. मागं फिरताना पोटात दुखते. त्या दुखन्याची सवय पायजे." आम्ही भजी न खाता उतरलो. त्या दिवसानंतर वर्गातली चार माणसं कमी झाली.

राहिलेल्यांत सगळ्यांत तयार होती प्रणाली वानखडे. भरतीच्या परीक्षा देणारी, चिवट, दोरावर माझ्यापुढे चालणारी मुलगी. तिची आई भातकुलीच्या शाळेत शिक्षिका. पोरीला बर्फात पाठवायला वानखडे मॅडमचा साफ विरोध होता. एका रविवारी त्या स्वतः जिनिंगवर आल्या, छत्री उघडून खुर्चीवर बसल्या आणि पेपर तपासावेत तशा मुद्रेनं पूर्ण वर्ग पाहिला. शेवटी त्यांनी सरांना विचारलं, "तुमची बोटं कशी गेली?" सर म्हणाले, "मायी चूक झाली होती मॅडम. थांबायचं तिथं थांबलो नाई." मॅडमनी होकार दिला, पण तोंड वाकडं करूनच दिला.

आम्ही निघालो त्या सकाळी इर्विन चौकात फ्लेक्स लागलेला होता. 'हिमशिखर सर करणाऱ्या अमरावतीच्या वाघांचे हार्दिक अभिनंदन!' आमची गाडी अजून बडनेऱ्याला यायची होती. भाऊंचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता, दोन्ही एकदमच छापून घेणं सोयीचं पडलं असं त्यांच्या माणसानं सांगितलं. फ्लेक्सवर भाऊ गॉगल लावून भले मोठे, त्यांच्यामागे कुठलं तरी परदेशी दिसणारं शिखर, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे आम्ही. सरांचा फोटो मिळाला नव्हता म्हणून तिथे त्यांच्या नावापुढे गुलाबाचं फूल होतं.

खरा बर्फ कापसासारखा मुळीच नव्हता हे मी इथे सांगून टाकतो. तो बोलतो, करकरतो आणि भीती वाटायला लावतो. पण कमरेला दोर होता, पुढे प्रणाली होती, सगळ्यांपुढे सर होते. शिखराच्या दिवशी आम्हाला उशीर झाला. ऊन चांगलंच वर आलं, बर्फ भुसभुशीत झाला, पाय गुडघ्यापर्यंत जाऊ लागला. वरून बर्फाचे लहान लहान गोळे घरंगळत येत होते, उतार सैल झाल्याची ती खूण. माथा समोर दिसत होता, इर्विन चौकातून राजकमल चौक असावा एवढा जवळ. सरांनी कुऱ्हाड बर्फात रोवली, वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फिरा."

सराव नव्हता हा, त्यामुळे पोटात खरंच दुखलं. प्रणाली तिथेच रडायला लागली. मी चिडलो. आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, झेंडा इथंच लावू ना. बर्फ तं बर्फच हाय, भाऊले काय समजते?" सरांनी झेंडा पिशवीबाहेर काढलाच नाही. "खाली हॉटेलात लावजो," म्हणाले. यानंतर वरून कडा कोसळला असता तर ही गोष्ट सांगायला फार सोपी गेली असती. पण काहीही कोसळलं नाही. उलट त्याच दुपारी दुसरी एक टोळी वर गेली आणि फोटो काढून, गाणी म्हणत सुखरूप खाली आली. त्यांना पाहून सर एवढंच म्हणाले, "आले सगळे? बरं झालं."

बडनेरा स्टेशनवर संदल, म्हणजे आमच्याकडचा ढोल-ताशा, वाजत होती. हार होते, गुलाल होता, सत्काराचा हॉल ठरलेला होता, जेवणासाठी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायला टाकले होते. भाऊंनी सरांना बाजूला घेतलं. त्यांना रागावता आलं असतं, पण ते कळवळ्यानंच बोलले. "सर, वर कोन पाहाले गेलं होतं? गेलो म्हना, संपलं. तुमची शेड होऊन जाते, माया कार्यक्रम होऊन जाते." सरांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि हॉलकडे निघाले. मला वाटलं, चला, समजूतदार झाले.

हॉलमध्ये निवेदकानं आमची उंची दर वाक्यागणिक वाढवत नेली. सर माइकपाशी गेले. "आमी वर गेलो नाई," ते म्हणाले. "जवळून वापस आलो. गेलो तितके आलो." आणि खाली उतरून आपल्या खुर्चीवर बसले. संदलवाल्याला वाजवायचं की नाही ते कळेना. त्यानं एकदा टिपरी मारली आणि हात मागे घेतला. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "जेवन तं आहे ना?" ते होतं, म्हणून सभा शांततेत पार पडली. शाल तबकातच राहिली.

पंगतीत कोणी सरांशेजारी बसत नव्हतं. प्रणालीही नाही, ती अजून फुरंगटलेली होती. वानखडे मॅडम आपलं ताट घेऊन आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. थोडं जेवण झाल्यावर म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी मीच पाठवीन प्रणालीले. पण तुमच्याच संगं." एरवी प्रत्येकाला एक टोला परत देणारे सर तेव्हा मान खाली घालून रोडगा कुस्करत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

पुढच्या रविवारी जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं. आवारात इतर पुष्कळ कामं निघाली होती. पावसाळ्यात सरांचे वडील गेले आणि थंडीच्या आधी सरांना उत्तराखंडातल्या एका कॅम्पवरून बोलावणं आलं. मी बडनेऱ्याला पोचवायला गेलो. माथ्याजवळून परत आलेले सर म्हणून गावानं त्यांची टर उडवली होती, याचं मला फार वाईट वाटत होतं आणि मी तसं बोललोही. ते म्हणाले, "गावाचं काय घेऊन बसला बे? बॅग वर ठेव." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं.

आता त्याच आवारात 'हिमवीर अकादमी' उभी आहे. पक्की शेड झाली, भाऊ निवडून आले. शिकवणारा एका जिमचा मालक आहे. त्याच्याकडे माथ्यावरचे बरेच फोटो आहेत. अकादमीची पहिली टोळी आता त्याच शिखरावर जाणार आहे आणि प्रणालीनं तिथे नाव घातलं. वानखडे मॅडम माझ्याकडे येऊन खूप वेळ बसल्या, पण पोरगी ऐकत नाही. मी सरांना फोन लावला. चांगलं खवचट काही तरी ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तो मागं फिरला होता का कदी?" मी म्हटलं, "माहीत नाही."

"मंग तू जाय त्याईच्या संगं," ते म्हणाले.

"मी? सर, मला आता कुठलं शिखर-बिखर नको आहे."

"म्हनूनच जाय."

मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला आहे आणि भाऊंच्या अकादमीत नाव घातलं आहे. दोरावर मी प्रणालीच्या मागेच असेन. वर काय बोलायचं तो एक शब्द मला पाठ आहे. तो वेळेवर माझ्या तोंडून निघेल की नाही, या विचारानं सध्या माझी झोप उडाली आहे.