उलटलेला ढीग

जव्हारच्या एका सरकारी कचेरीत हरिभाऊंनी एकतीस वर्षं टपाल घेतलं. दिवसभर कागद येत, एकावर एक चढत. संध्याकाळी हरिभाऊ तो ढीग दोन्ही तळव्यांत धरून अलगद उलटा करीत, म्हणजे सकाळी पहिल्यांदा आलेला कागद वर येई. आधी आला त्याचं काम आधी. जामसरचा म्हातारा असो की बाजारपेठेतला शेटजी, यात त्यांनी कधी फरक केला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवीतही नसत.

निवृत्तीनंतरच्या दिवाळीत, म्हणजे २००३ साली, त्यांच्या मुलीचा मुलगा चैतन्य नाशिकहून आला तो नवलाचे पत्ते घेऊन. काहींवर गरुड-राक्षसासारखे लढणारे प्राणी, बाकीच्यांवर मंत्र. मुलाची मुलगी हर्षाली घरातच होती. दोघांनी पत्ते निम्मे वाटून घेतले आणि ओटीवर डाव मांडला. ज्याचा प्राणी मरेल, त्याने तो पत्ता कायमचा द्यायचा, असं ठरलं.

हरिभाऊ पेपर मिटून बघत बसले. काही मंत्र फक्त आपल्या पाळीत चालत. काही मात्र दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येत, त्याच्या मंत्राला उत्तर म्हणून. पण तो लागू व्हायच्या आत. मंत्रालाही मुदत असते, हे ऐकून हरिभाऊ हरखले.

तिसऱ्या दिवशी चैतन्यने हर्षालीच्या निळ्या गरुडावर आगीचा मंत्र टाकला. हर्षालीने लगेच त्यावर ढालीचा ठेवला. आता आधी काय लागू होणार, आग की ढाल? दोघं हातघाईवर आली, तेव्हा हरिभाऊंनी ते दोन पत्ते उचलले, तळव्यांत धरले आणि उलटे केले.

"आग आधी आली. गरुड गेला," ते म्हणाले.

चैतन्यने गरुड खिशात घातला. त्या रात्री हर्षालीने चकलीला हात लावला नाही.

ते हरिभाऊंना लागलं. नियमांची इंग्रजी पुस्तिका आणि जुना शब्दकोश घेऊन ते पुढचा सगळा दिवस खिडकीशी बसले. रात्री उशिरा, मुलं झोपल्यावर, एका ओळीवर बोट थांबलं. शेवटी आलेलं उत्तर पहिल्यांदा लागू होतं. त्यांनी दोन जुनी पोस्टकार्डं एकावर एक ठेवली आणि नुसतीच बघत राहिले. वर असेल ते आधी हाती येतं. या खेळात ढीग उलटायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी त्यांना जाग येईपर्यंत चैतन्य मामाबरोबर नाशिकच्या गाडीला निघून गेला होता. हरिभाऊ हर्षालीला घेऊन झपझप स्टँडवर आले. चैतन्य खिडकीत बसला होता.

"बाळा, माझा निकाल चुकला. ढाल आधी लागते."

चैतन्यने मान खाली घातली. "ठाऊक होतं, आजोबा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगितल्यावर मी काय बोलणार? आणि गरुड मला हवाच होता."

कंडक्टरने घंटी मारली. चैतन्यने खिशात हात घातला आणि खिडकीतून गरुड पुढे केला. "घे, रडूबाई. मे महिन्यात परत जिंकतो."

"ये तर खरा," हर्षाली म्हणाली.

गाडी मोखाड्याच्या रस्त्याला लागली. दुपारी ओटीवर हरिभाऊच हर्षालीसमोर खेळायला बसले. आगीवर ढाल पडली, आणि त्यांचे दोन्ही तळवे आपोआप पत्त्यांकडे गेले. हर्षालीने नुसतं वर पाहिलं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिला वरचा पत्ता उचलू दिला.