निळ्या रेघेचा कप

माझा कप फुटला म्हणून मला कॉफी मिळाली नाही. काउंटरमागच्या फळीवर वीसेक पांढरे कप धुऊन पालथे घातलेले होते. स्वच्छ, कोरडे, रिकामे.

"आज नाही जमणार," मालक म्हणाला. "तुमचा कप सकाळी फुटला. उद्या नवीन आणून ठेवतो."

"मग यातल्या एकात द्या." मी फळीकडे बोट केलं.

"ते गिऱ्हाइकांचे आहेत."

मग मी कोण होतो? सात महिने रोज दुपारी चारला येणारा माणूस गिऱ्हाईक नाही तर कोण? तेवढ्यात सुरतेहून आलेला एक कापडाचा एजंट आत शिरला. धुळ्यात पहिल्यांदाच आलेला, कारण एस.टी. स्टँडचा रस्ता विचारत होता. मालकानं त्याला रस्ता सांगता सांगता फळीवरचा कप उचलला, कॉफी ओतली, पुढे ठेवली. नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. मी तिथेच उभा. सात महिन्यांत जे कळलं नव्हतं ते एका क्षणात कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सोनगीरचा, बौद्ध घरातला, घरातला पहिला नोकरदार. धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. दुकान कचेरीमागच्या गल्लीत. गल्लीचा नंबर सांगत नाही, जुन्या धुळेकरांना तो बरोबर ठाऊक आहे. सगळं धुळं चहावर जगत असताना या माणसानं दारावर पाटी लावली होती, 'येथे चहा मिळणार नाही'. कॉफीच्या बिया तो स्वतः भाजायचा, समोरच दळायचा. वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत. वकील, प्राध्यापक, डॉक्टर असली माणसं तिथे बसायची. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळी कचेरी नाना म्हणायची, ते मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले.

पहिले दोन दिवस मला पांढऱ्याच कपात कॉफी मिळाली. तिसऱ्या दिवशी मालकानं हसत विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. चौथ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा कप आला. काठाला निळी रेघ. दाराजवळच्या खुंटीला एकटाच टांगलेला. "हा तुमचा," मालक म्हणाला. "रोज येणार ना? मग घरच्यासारखं. प्यायलात की तिकडे नळ आहे, विसळून टांगून ठेवत जा."

मी भाळलो. होय, भाळलोच. आज सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. वकिलांचा कप ठेवलेला नाही, डॉक्टरांचा नाही, माझा ठेवलाय! नळाखाली तो कप मी अंगठ्यानं घासून घासून विसळायचो. खुंटीवर टांगताना आजूबाजूला बघायचो, कुणी बघतंय का. सगळे बघत होते. नाना तर रोज बघत होते.

सोनगीरला गेलो की गल्लीभर सांगायचो, धुळ्यात माझा कप आहे. मायलाही सांगितलं. ती दाणे निवडत बसली होती, हातातलं सूप थांबलं.

"तो कप धोस कोन?" तिनं विचारलं.

"मीच धोस. नळ शे ना तठे."

मायचं सूप पुन्हा हलायला लागलं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्याखाली उभं राहून वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, सरकारी शिक्का हातात घेतला, आणि तिला एका प्रश्नात जे दिसलं ते मला दिसलं नाही.

ते कप फुटला त्या दिवशी दिसलं. मी काउंटरवरून हात लांब करून फळीवरचा एक कप उचलला. मालकासमोर ठेवला.

"यात ओता."

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. दळायचं यंत्र तेवढं घरघरत होतं, तेही कुणीतरी बंद केलं.

"अरे, बस खाली," नाना म्हणाले. "एका कॉफीसाठी कशाला तमाशा?"

"नाना, तुम्ही तुमचा कप इथे कधी धुतलाय?"

नानांनी कपात तोंड घातलं.

मालकानं माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग ओतली. ओतताना किटली कपापासून चांगली वीतभर वर धरली. पुढे वाकून हळूच म्हणाला, "प्या. आणि कप घरी घेऊन जा. माझ्याकडून भेट."

भेट! म्हणजे माझं तोंड लागलं की तो कपही माझाच. पुन्हा एक वेगळा कप. निळी रेघ नसली म्हणून काय झालं?

मी बसून प्यायलो. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. कॉफी चांगली होती, याचाही राग आला. मग उठलो. नळाकडे गेलो नाही. काउंटरच्या कडेला उष्टे कप भिजत घालायचं मोठं घमेलं होतं, वकिलांचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे पांढरे कप साबणाच्या पाण्यात. त्यात माझा कप सोडला. बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून घमेलं ढवळलं. कपावर कप आपटले.

"आता शोधा माझा," मी म्हणालो.

मालकाचा चेहरा पांढरा पडला. सगळे फेकायचे की सगळ्यांना त्यातूनच पाजायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

रविवारी सोनगीरला गेलो. मायला म्हणालो, "तुले माहीत व्हतं. मंग माले काबर सांगं नही?"

"तू इतला खूश व्हता, भाऊ," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

त्या खुशीची मला आजही चीड येते. मालकापेक्षा जास्त.

सोमवारी चारला मी दुकानात गेलो. मधल्या टेबलावर बसलो. पांढऱ्या कपात कॉफी आली. प्यायलो, उष्टा कप टेबलावरच ठेवला आणि उठलो. धुळ्यात होतो तोवर रोज तेच केलं. दोन वकील यायचे बंद झाले. होऊ देत. पुढे जळगावला बदली झाली. तिथे पहिल्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चहा आला, आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "हा खास तुमच्यासाठी बाजूला ठेवलेला कप."

मी हात लावला नाही.

"हा धुतं कोण?" मी विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मायचा प्रश्न आहे तो. उत्तर मिळेपर्यंत मी तो कप टेबलावरून हलू दिला नाही, आणि पुढेही असा कप कुठे उत्तराशिवाय हलू देणार नाही.