तो गोल का झाला?

कुठल्याही दारातून आत शिरण्याआधी आमचे सर चौकटीला दोन्हीकडे हात लावत. आधी डावीकडे, मग उजवीकडे. देवळातही आणि दातांच्या दवाखान्यातही. नवख्यांना वाटे, म्हातारा तोल सावरतोय. पण सर तरुणपणी गिरणीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. गिरणी बंद पडली, तरी गोलच्या खांबांना हात लावायची सवय सुटली नव्हती.

जयेंद्रगंजात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत, ते आमच्या समोरच राहत. गिरणीनंतर ते मुलींचे कोच झाले, आणि न विचारता गल्लीचेही. गणपतीत मंडळाची पंगत बसली, की मागून आरोळी यायची, "अरे, लेफ्ट खाली है! वरण कोण बघतंय?" वाढपी खरंच डावीकडे पळत.

त्यांच्या नावावर एक गोल होता. अंतिम सामन्यात अगदी साधा, घरंगळत आलेला बॉल त्यांच्या दोन पायांमधून आत गेला होता. टोपी बाजारातले म्हातारे दुकानदार अजून त्यांना पाहिलं की पाय जुळवून उभे राहत. सर चिडत नसत, कारण सांगत. मात्र दर वेळी नवं. "मैदानात कुत्रा आला होता." "ऊन डोळ्यांवर होतं." एकदा तर कुल्फीवाल्याची घंटी वाजली होती. आम्ही मुद्दाम विचारायचो. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, आणि तुम्हीही त्याला असंच छळलं असेल.

माझी मुलगी रेवा त्यांच्याच टीमची गोलकीपर. हजीऱ्याच्या मैदानावर फायनलमध्ये तिच्याही पायांमधून बॉल गेला आणि टीम हरली. घरी येऊन तिने हातमोजे कचऱ्याच्या बादलीत फेकले. "मी फुटबॉल सोडला, बाबा. सगळे हँस रहे थे." खोलीचं दार बंद. लहानपणापासून या पोरीने दुसरं काही मनावर घेतलं नव्हतं.

संध्याकाळी सर आले. बंद दाराच्या चौकटीला दोन्हीकडे हात लावून बाहेरच उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता कुत्रा येणार.

"बेटा, माझा गोल माहीत आहे ना?"

"कुत्रा, ऊन, कुल्फी. सब पता है," आतून आवाज आला.

"सगळं झूठ आहे." सर म्हणाले. "कारण काहीच नव्हतं. बॉल आला, मी चुकलो. बस. आयुष्यभर कारण शोधलं, नाही सापडलं. तू नको शोधत बसू. उद्या सकाळी ये."

दार काही उघडलं नाही. पण सकाळी बादलीत हातमोजे नव्हते आणि घरात रेवा नव्हती.

दिवाळीनंतर सरांना त्यांच्या मुलाने इंदूरला नेलं. तिकडे म्हणे ते लिफ्टच्या दारालाही दोन्हीकडे हात लावतात, दार मिटतच नाही आणि सगळी बिल्डिंग खोळंबते. इकडे त्यांच्या घराला कुलूप आहे. पंगतीत डावी बाजू वरणाची वाट बघत बसते. मला त्यांची फार आठवण येते.

परवा रेवाने मॅचमध्ये तीन गोल खाल्ले. मी तिला घेऊन येत होतो. घराशी आल्यावर ती आधी समोर गेली आणि तिने सरांच्या कुलूपबंद दाराच्या चौकटीला हात लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"काय गं, कशाला?" मी विचारलं.

"कारण काहीच नाही," ती म्हणाली. "चला, भूक लागलीये."