शेजारच्या खाटेवरची गोष्ट
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मैलापूरच्या एका रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड आठवतो. आमच्या मुलीचा ताप औषधांना दाद देत नव्हता आणि मी तिच्या तापाचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो. शेजारच्या खाटेवर एका ख्रिस्ती आजींची नात होती. संध्याकाळी तिच्या छातीला तेल चोळता चोळता आजी तिला तमिळमधून येशूची गोष्ट सांगत होत्या. परक्या लोकांतली एक बाई आपल्या आजारी मुलीसाठी येशूच्या मागे लागते. शिष्य तिला हाकलायला बघतात. येशूही म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही. ती म्हणते, खरंय, पण खाली पडलेले तुकडे कुत्रीही खातात. तिचा तो विश्वास पाहून येशू तिच्या मुलीला बरं करतो. "एवढं ऐकून तिला राग नाही आला, पाट्टी?" तिथल्या रीतीने आजींना पाट्टी म्हणत माझ्या बायकोने विचारलं. "पोर तापलेली असताना रागवायला सवड कुणाला?" आजी म्हणाल्या. "मग आमच्या पोरीसाठीही येशूकडे मागा ना," बायको म्हणाली. मी बायकोला मराठीत हळूच म्हणालो, "अगं, आपण त्यांच्यातले नाही." "गोष्टीतली ती बाई तरी कुठे होती?" बायको म्हणाली. आजी तेलकट हात पदराला पुसत उठल्या आणि आमच्या मुलीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. नातीसाठी त्यांनी त्यानंतर प्रार्थना केली. ताप उतरला तो दुपारी बदललेल्या औषधाने, हे मी आजही ठामपणे सांगतो. पण त्या वेळी मीही हात जोडून उभा होतो, हेही सांगायला हवं.