सुई न लागलेली तबकडी

आमच्या शेजारचे दत्तात्रय भावजी म्हणजे सिल्वासातले गाण्याचे कारकून. जन्मभर बांधकाम खात्यात फायली लावल्या आणि निवृत्त होऊन तीच सवय घरी आणली. कपाटभर ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एकीलाही सुई लागू द्यायची नाही. सुईनं खाच झिजते म्हणे. हॉलमध्ये महागडं यंत्र आहे, पण त्यावर फक्त नंतर काढलेल्या नकला वाजतात. अस्सल माल नुसता बाळगायचा.

पाहुणा आला की धडा सुरू. पहिल्या छपाईची तबकडी तीच खरी, नंतरची ती उसनी, आणि सीडी म्हणजे कोंडा. बायकोच्या वाट्याला मात्र कोंडाच आला.

बायको म्हणजे कुसुम, चिपळूणची. तिचे वडील गजाननराव, सगळ्यांचे अण्णा, पेटीची साथ करायचे. एका बुवांच्या मैफलीची तबकडी निघाली, तिची एक प्रत त्यांना मिळाली. घरात वाजवायचं यंत्र कुठलं? कुसुमनं लहानपणी ती गावातल्या डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या प्रतीवर, एकदाच ऐकली. भीमपलासात बुवा एका सुरावर थांबतात आणि अण्णा हळूच म्हणतात, "वा बुवा, जीव घेतलात." लग्नात अण्णांनी ती तबकडी हौसेनं जावयाच्या हातात ठेवली, आणि पुढे वर्षभरात ते गेले. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला, तोही भावजींच्या कुलुपात.

कुसुमनं ती लावा म्हटलं, तर भावजींनी सीडी आणून दिली. "ही ऐक. खोकले, बडबड, सगळं पुसून काढलंय." पेटी होती, अण्णा नव्हते. मग नव्यानं काढलेली तबकडी आणली. तीही त्याच पुसलेल्या आवाजावरून केलेली.

"यात अण्णा बोलत नाहीत," कुसुम म्हणाली.

"पेटीवाल्यानं पेटी वाजवावी," भावजी म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. हातातला चहा त्यांच्या टकलावर ओतावासा वाटला मला.

परवा तर कहर केला. खडोलीच्या कारखान्यातले एक मॅनेजर आहेत, श्रीकांत नावाचे. त्यांच्याकडे बीथोव्हनची जर्मनीत छापलेली जुनी तबकडी. ती देऊन अण्णांची घ्यायची असं दोघांत ठरलं. श्रीकांतांची अट एकच, अण्णांची कोरी हवी, कधी न वाजवलेली. भावजी हुरळून गेले.

"कुसुमला विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला सीडी आहे की."

गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. इथे तर गाढव गुळाचं दुकान मांडून बसलं होतं.

रविवारी श्रीकांत आले. कुसुमनं मलाही बोलावून घेतलं. दोन्ही तबकड्या टीपॉयवर आणि भावजींचं व्याख्यान रंगात आलेलं. कुसुम पदराला हात पुसत बाहेर आली, अण्णांची तबकडी पिशवीतून काढली, यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली.

"अगं, खाच जाईल तिची!" भावजी उठले, पण श्रीकांतांनी त्यांचा हात धरला. "लागलीच आहे सुई, तर ऐकू द्या," ते म्हणाले. खरखर झाली, तंबोरे लागले, बुवांनी स्वर लावला. भावजी घड्याळाकडे बघत बसले. कुसुम यंत्राजवळ उभीच होती. मग बुवा त्या सुरावर थांबले आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वा बुवा, जीव घेतलात."

भावजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा कोण मूर्ख मध्येच बोलतोय?"

श्रीकांतांनी बीथोव्हन उचलून आपल्या पिशवीत घातला.

"तुमचे सासरे," कुसुम म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्याच कपाटात होते."

आणि तिनं सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली.